दुसऱ्या खुर्चीवरची माणसं

इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाचं नाव अंतराळाच्या बातमीत येत नाही. आलंच तर शेजारच्या वालचंदनगरचं येतं, तेही आतल्या पानावरच्या चौकटीत. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन जो अग्निबाण उडाला, त्याच्या दोन्ही अंगांना एस-२०० नावाचे घन इंधनाचे बूस्टर होते. ३.२ मीटर व्यासाच्या, मॅरेजिंग पोलादाच्या त्यांच्या कवचाचे भाग वालचंदनगरच्या कारखान्यात घडले. या कारखान्याचं इस्रोशी नातं १९७०च्या दशकापासूनचं आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची कवचंही इथून गेली आहेत. कळंब, रणगाव, अंथुर्णे, लासुर्णे, जंक्शन या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं इथे पाळीवर येत आली. आजोबा सायकलवर यायचे, नातू मोटारसायकलवर येतो.

अशा कामात प्रत्येक जोडाची नोंद ठेवावी लागते. जोड कुणी मारला, कोणत्या दिवशी, कोणत्या लॉटच्या तारेने, एक्स-रेमध्ये काय दिसलं, पाण्याच्या दाबाची चाचणी कधी झाली, हे सगळं कागदावर असतं. वेल्डरचा क्रमांक जोडाच्या नावापुढे लागतो. उद्या भेग निघाली तर कुणाला विचारायचं ते त्या ओळीत आहे आणि काम चोख झालं तर पाठ कुणाची थोपटायची तेही त्याच ओळीत आहे. कारखान्याच्या कागदावर श्रेय आणि दोष असे शेजारी बसतात. गेटबाहेर पडल्यावर मात्र त्यांची फारकत होते. श्रेय वर चढतं आणि दोष खाली उतरतो. साखर कारखान्यात, पतसंस्थेत, शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी खात्यात हेच चालतं आणि आपण ते हवामानासारखं गृहीत धरून बसलो आहोत.

हा ओघ उलटा फिरवणारी माणसं महाराष्ट्रात झाली आहेत. त्यांच्याकडे बघताना आपण चटकन ‘किती निगर्वी!’ म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. मला ती मोकळीक खटकते. श्रेय दुसऱ्याला देणं हा या माणसांच्या स्वभावाचा गोडवा नव्हता, ती त्यांच्या कारभाराची पद्धत होती. जिथे ती पदात, नियमात किंवा रूढीत बसवली गेली तिथे टिकली. जिथे ती एकाच्या मोठेपणावर उभी राहिली तिथे त्याच्यामागे ओसरली. आणि दोष स्वतःकडे घ्यायची तयारी नसेल तर वाटलेल्या श्रेयाला मोल राहत नाही.

या बाबतीत सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट इस्रोचीच आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पाचे संचालक होते अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० रोजी दुसरं उड्डाण यशस्वी झालं, रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवन यांनी पत्रकार परिषद घ्यायला कलामांना पुढे केलं. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती कलामांनी ती जाहीर सभांतून पुन्हा पुन्हा सांगितली म्हणून. धवन यांनी ती मिरवली नाही.

पण या गोष्टीतही दोनच माणसं दिसतात. एसएलव्ही-३ ज्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात तयार झालं, त्याचे दुसऱ्या उड्डाणाच्या वेळचे संचालक होते पुण्याचे वसंतराव गोवारीकर. घन इंधनाच्या कामात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. धवन आणि कलाम यांच्या मधली ही पायरी गोष्टीत कुठे येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातल्या श्रेयाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं: दोघांनी मिळून केलेल्या कामाचं श्रेय आधीपासून नाव असलेल्याकडे सरकतं, दोघांपैकी कुणीही तसं मागितलं नसलं तरी. उदारपणाच्या गोष्टीलासुद्धा हा नियम सुटत नाही. म्हणून एकट्या वरिष्ठाच्या भलेपणावर विसंबून भागत नाही, पद्धत लागते. धवन यांनी पाडलेली पद्धत टिकली हे २३ ऑगस्ट २०२३ ला दिसलं. विक्रम लँडर चंद्रावर उतरल्यावर इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि त्यांच्या सहकारी के. कल्पना यांना बोलायला पुढे बोलावलं. मधे चार दशकं गेली होती, अध्यक्ष कितीतरी बदलले होते.

आता जरा मागे, उसाकडे येऊ. नीरा डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरचा माळ भिजवला, १९२८ मध्ये भाटघरचं धरण पुरं झालं आणि ऊस पसरला. कळंबलगतच्या जमिनीवर १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. वालचंदनगर हे त्या वसाहतीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. ज्यांच्या जमिनी खंडानं घेऊन तो ऊस उभा राहिला, त्या खंडकऱ्यांचं नाव कुठल्या गेटवर लागलं नाही. पुढे कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी खंडकऱ्यांना पिढ्या घालवाव्या लागल्या. जमिनी परत मिळू लागल्या तेव्हा श्रेयासाठी किती फ्लेक्स लागले, हे या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तरी वालचंद यांच्यावर अन्याय करायचा नाही. सोलापूरच्या या माणसाच्या पहिल्या मोठ्या धंद्याचं नाव ‘फाटक-वालचंद’ होतं. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी करून कंत्राटदार झालेले. अनुभव त्यांचा, भांडवल वालचंदांचं, आणि पाटीवर पहिलं नाव फाटकांचं. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली, ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून निघाली, तेव्हाही अध्यक्ष नरोत्तम मोरारजी होते. त्यांचं निधन झाल्यावरच, दहा वर्षांनी, वालचंद त्या खुर्चीवर आले. इंग्रजी बोट कंपन्यांशी झुंजण्याच्या त्या पहिल्या दशकात ते दुसऱ्या खुर्चीवर बसून राबले. वालचंदनगरच्या कमानीखालून जाताना मला हे दशक जास्त आठवतं.

दुसऱ्या खुर्चीचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र लोणीचं आहे. राहाता भागातलं लोणी तेव्हा दुष्काळाच्या आणि सावकाराच्या कचाट्यातलं गाव. विठ्ठलराव विखे पाटील हे जेमतेम शिकलेले शेतकरी. १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. आजूबाजूला खासगी साखर कारखाने होते आणि ऊस त्यांच्या भावाने द्यावा लागे. १९४५ मध्ये बेलापूरला कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ तिथे होते. शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढावा हा विचार तिथे जोर धरू लागला. विठ्ठलरावांनी तो उचलला. गावोगाव पायपीट केली, बैठका घेतल्या, शेअरसाठी एकेका घराचा उंबरा झिजवला. ज्याच्या घरात रोख पैसा नाही त्याला शेअर म्हणजे काय हे समजावून सांगणं किती अवघड होतं, याची कल्पना आज करवत नाही. १९४८ मध्ये संस्था नोंदली गेली आणि १९५० च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची ही सुरुवात होती.

या कारखान्याचे पहिले अध्यक्ष विठ्ठलराव नव्हते. अध्यक्ष होते गाडगीळ. ज्यानं चपला झिजवून भागभांडवल गोळा केलं तो उपाध्यक्ष झाला, आणि पुण्याहून येणारा अर्थशास्त्रज्ञ सुमारे दहा वर्षं अध्यक्षपदी राहिला. यात विठ्ठलरावांचा विनय होताच. पण त्यापेक्षा त्यांची नजर मोठी होती. सरकारची हमी, वित्त महामंडळाचं कर्ज, मुंबई सरकारातले सहकाराचे जाणते मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा विश्वास, हे सगळं एका खेड्यातल्या पाटलाच्या नावावर मिळणं कठीण होतं. शिवाय पंचक्रोशीतल्या भाऊबंदकीला आणि गटांना ज्याच्याशी सोयरीक नाही असा अध्यक्ष हवा होता. गाडगीळ कुणाचे पाहुणे नव्हते. उसाचं वजन, उताऱ्याचा हिशोब, सभासदाला द्यायचा भाव यावर त्यांचा शब्द शेवटचा मानायला कुणाला कमीपणा वाटत नव्हता. संस्थेला काय लागतं ते ओळखून विठ्ठलरावांनी खुर्ची दिली. आणि उपाध्यक्ष म्हणून सही करून ते जबाबदारीत उभे राहिले, पडद्यामागे गेले नाहीत.

हा फरक महत्त्वाचा आहे. कारण खुर्चीवर दुसऱ्याला बसवून मागून दोरी ओढणारेही महाराष्ट्रानं भरपूर पाहिले आहेत. ‘रिमोट’ हा शब्द आपल्याकडे टीव्हीपेक्षा राजकारणात जास्त चालतो. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण पुढे कुणीतरी दुसरा असतो. ओळखायची खूण मला एकच वाटते: निर्णय चुकला तर कागदावर सही कुणाची सापडते? रिमोटवाल्याची सही सापडत नाही. विठ्ठलरावांची सापडते.

लोणीची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी सांगितल्यासारखं होईल. आज त्या कारखान्याचं नाव पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना असं आहे. त्यांच्या नावानं लोकांनी कृतज्ञता दाखवली, ती रास्तच. पण लोणीचं सत्ताकेंद्र पुढे एकाच घराभोवती फिरत राहिलं. राज्यातल्या बहुतेक कारखान्यांचं असंच झालं, त्यात बारामती-इंदापूर अपवाद नाही. बाहेरचा, नात्यागोत्यात नसलेला, हिशोबाला पक्का अध्यक्ष आणावा आणि संस्थापकानं दुसऱ्या खुर्चीवर बसावं, हा लोणीचा पहिला धडा कुणी पोटनियमात लिहिला नाही. तो विठ्ठलरावांच्या शहाणपणात होता आणि त्यांच्याबरोबर गेला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच गोष्ट नावांतून बांधून ठेवली. १९१९ मध्ये काले इथे त्यांनी संस्था काढली आणि तिला नाव दिलं रयतेचं. साताऱ्याच्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव, १९४० मधल्या हायस्कूलला महाराजा सयाजीरावांचं, १९४७ मधल्या महाविद्यालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचं, कऱ्हाडच्या १९५४ मधल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचं. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी ज्यांनी अंगावरचे दागिने दिले त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांच्या नावालाही आज संस्थेत मान आहे. भाऊराव स्वभावानं मऊ अजिबात नव्हते. शीघ्रकोपी, हट्टी, भांडायला उठणारे होते. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्याला फटकारून काढत. म्हणून नम्र नेता म्हणजे हळू बोलणारा, पुढेपुढे न करणारा असं जे चित्र आपण रंगवतो ते मला पटत नाही. आवाज कितीही चढा असू शकतो, प्रश्न आहे पाटी कुणाच्या नावाची लागते आणि निर्णय कुणाच्या हातात राहतो.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. इमारतींचा कारभार विश्वस्तांकडे दिला. आपला कुणी शिष्य नाही असं ते सांगत, म्हणजे गादीच ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पै-पै करून उभारलेलं, पुढच्या माणसाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, हे निर्मळ मनानं करणारी माणसं विरळाच.

आपल्या परंपरेनं हे आधीच ओळखलेलं आहे. आळंदीच्या मंदिरात पहिल्या पायरीला हैबतबाबांची पायरी म्हणतात. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा, माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त देणारे. सोहळा उभा करणाऱ्याची जागा पायरीपाशी. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि कळंबची माणसं तिथे दरवर्षी असतात. माउलींच्या सोहळ्यातली एक रीत मात्र इथे सांगितलीच पाहिजे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच ठेवते. मग चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, तक्रार ऐकतो, मिटवतो आणि मगच आरती होते. अधिकार असलेल्या माणसानं तक्रारदाराकडे चालत जायचं, हे तिथे कुणाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही.

गावच्या सप्ताहात हेच अगदी जवळून दिसतं. देवळाच्या मंडपात खांबाला पहाऱ्याच्या नावांचा कागद चिकटवलेला असतो. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून ठरल्या वेळी एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. येणारा-जाणारा प्रत्येकजण विणेकऱ्याच्या पाया पडतो. त्यात पंचायत समितीचा सदस्य असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, शाळेतली पोरं असतात. विणेकरी असतो एखादा शेतमजूर किंवा कारखान्यातून निवृत्त झालेला हेल्पर. पहारा संपला, वीणा दुसऱ्याकडे गेली, की तोच माणूस वाकून नव्या विणेकऱ्याच्या पाया पडतो आणि चहाला निघून जातो. मान वीणेचा असतो आणि तो घड्याळावर फिरतो. असं फिरतं पद आपल्या किती संस्थांत आहे?

न्यायमूर्ती रानडे यांचं उदाहरण थोडं गुंतागुंतीचं आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली ती गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने. १८७१ मध्ये रानडे पुण्यात आले आणि सभेचं डोकं बनले. सरकारी नोकरीमुळे त्यांना पुढे येता येत नव्हतं. सभेचे अर्ज, निवेदनं, १८७८ पासूनच्या त्रैमासिकातले बरेचसे लेख त्यांच्या हातचे, पण बिननावी. सह्या इतरांच्या. गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या हाताखाली तयार झाले. एवढे राबून लिहिलेल्या अर्जांना सरकार दोन ओळींचं उत्तर देतं याचं गोखल्यांना वाईट वाटे. त्यावर रानड्यांनी दिलेलं उत्तर गोखल्यांनीच सांगून ठेवलं आहे: हे अर्ज नावाला सरकारला लिहिलेले आहेत, खरे तर ते लोकांना विचार करायला शिकवण्यासाठी आहेत. म्हणजे लोकांनी स्वतःचं म्हणून जे मांडायचं, त्याचा मसुदा करून देणं हे त्यांनी आपलं काम मानलं. नाव नसलं तरी किंमत त्यांनी मोजली. सरकारचा संशय वळला आणि त्यांच्या नाशिक, धुळे अशा बदल्या झाल्या. पडद्यामागे राहूनही दोष अंगावर घेणारा माणूस असा असतो.

जगात यावर बरंच लिहिलं गेलं आहे. अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-नेत्याची कल्पना मांडली. जिम कॉलिन्स यांनी २००१ मध्ये ‘गुड टू ग्रेट’ या पुस्तकात अकरा कंपन्या निवडून दाखवलं की त्यांचे प्रमुख यशाच्या वेळी इतरांकडे बोट दाखवत आणि अपयशाच्या वेळी आरशात बघत. आपल्याकडे व्यवस्थापनाच्या शिबिरांत हे अजून सांगितलं जातं. त्याच अकरांपैकी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली, हे त्या शिबिरांत सांगत नाहीत. प्रमुख नम्र होता, म्हणून संस्था चिरंजीव झाली असं होत नाही. त्यापेक्षा चीनमधल्या खासगी कंपन्यांवरचा २०१४ सालचा अभ्यास मला उपयोगी वाटतो. प्रमुख नम्र असेल तर वरच्या फळीतली माणसं एकमेकांशी जास्त मिसळून निर्णय घेतात आणि मधल्या फळीला कामात जीव ओतावासा वाटतो, असं त्यात दिसलं. म्हणजे परिणाम होतो, पण तो मधल्या फळीतून पाझरत. ती फळीच मोडून पडली असेल तर वरच्याचा विनय तिथेच जिरतो.

आपल्याकडच्या आदर्श गावांचंही असंच आहे. हिवरे बाजारला १९८९ नंतर पोपटराव पवार आणि ग्रामसभेनं पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायची सवय लावली. पवार श्रेय गावाला देतात, पण पुरस्कार, मुलाखती, पाहुणे सगळ्यांना एक चेहरा हवा असतो. वर्तमानपत्राच्या छायाचित्रात ग्रामसभा मावत नाही. आमच्या लिहिणाऱ्यांच्या धंद्याचा यात मोठा वाटा आहे. पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी द्यायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, उसाला द्यायचं नाही, असे नियम. कळंबच्या उसाच्या पट्ट्यात हे नियम ऐकताना आजही माणूस चमकतो. साळुंखे इंजिनिअर होते, कारखानदार होते, पण पाण्याची पाळी गटानं निवडलेला पाटकरी ठरवी. त्यांच्यामागे त्यातल्या कित्येक योजना थकल्या, काही बंद पडल्या. विजेचं बिल, पंपाची दुरुस्ती, भोवतालचा ऊस, कारणं अनेक. पण नियम लिहिलेले होते म्हणून आजही कुणाला ते उचलून पुन्हा सुरू करता येतात.

सर्वांत पुढे गेलेलं उदाहरण मला गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं वाटतं. तिथे अभ्यास करणारा गट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बाहेरचे मित्रही येतात, वाद घालतात, माहिती देतात. निर्णय मात्र ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या दोघांनी ही घडी बसवताना जाणत्या माणसाची जागाच अशी आखली, की त्याला सल्ला देता यावा, हुकूम देता येऊ नये. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी एक.

आता दुसरी बाजू. नम्रतेचा उपदेश आपल्याकडे नेहमी खालच्याला केला जातो. ‘कामाशी मतलब ठेवा, नावाचं काय?’ हे वाक्य साहेब शिपायाला ऐकवतो, मुख्याध्यापक शिक्षिकेला, सासू सुनेला. कारखान्याला ज्यानं घाम दिला त्याला नावाची हाव नसावी, आणि ज्यानं फीत कापली त्याची कोनशिला असावी, असा हा हिशोब आहे. ज्याच्याकडे श्रेय आहे त्यानंच ते सोडायचं असतं. ज्याच्या वाट्याला ते कधी आलंच नाही, त्याला त्यागाचे धडे देणं मला क्रूर वाटतं. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी पार्वतीबाई आठवले यांनी अमेरिकेपर्यंत जाऊन निधी जमवला, आणि आज शंभरातल्या किती जणांना त्यांचं नाव सांगता येईल? कर्व्यांनी ते लपवलं असं नाही. आपण लक्षात ठेवलं नाही.

ग्रामपंचायतीत हे रोज घडतं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून महिलांना राखीव जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या एकूण जागांच्या निम्म्या झाल्या. अनेक गावांत बाई सरपंच असते आणि ‘सरपंच’ म्हणून हाक नवऱ्याला मारतात. पाण्याची टाकी बाईच्या पाठपुराव्यानं आलेली असते, फ्लेक्सवर फोटो आमदारांचा, नवऱ्याचा आणि कोपऱ्यात तिचा. इथे बाईनं नम्रपणे गप्प बसणं म्हणजे नेतृत्वाचा गुण नव्हे. तिनं नाव मागितलंच पाहिजे, आणि ते मिळवून देणं हे वरच्यांचं काम आहे.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. सहकारी संस्थांनी पोटनियमात अध्यक्षपदाच्या पाळ्यांना मर्यादा घालावी, संस्थापकाच्या घराबाहेरचा अध्यक्ष ठराविक काळानं यावाच, असं सभासदांनी वार्षिक सभेत मागावं. ती मागणी लगेच मान्य होणार नाही. पण वार्षिक सभेच्या अहवालात ती छापली जाईल, इतकं तरी होईल. सरकारी पैशातून झालेल्या कामाच्या कोनशिलेवर लोकप्रतिनिधींच्या नावांखाली ज्यानं काम केलं त्या गवंड्याचं, कंत्राटदाराचं आणि देखरेख करणाऱ्या शाखा अभियंत्याचं नाव आणि काम पुरं झाल्याची तारीख असावी. दोन वर्षांत प्लास्टर गळालं तर विचारायला माणूस सापडेल, टिकलं तर त्याची पोरं ती पाटी दाखवतील.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिला कायदा बदलावा लागत नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं लिहितात. बऱ्याच गावांत वर्षानुवर्षं तीच दोन-तीन नावं तिथे उमटतात, कारण इतिवृत्त लिहिणाऱ्याला ती पाठ झालेली असतात. विषय कुणी काढला, मागच्या रांगेतून उठून अंगणवाडीच्या गळक्या छताबद्दल कोण बोललं, याची नोंद राहत नाही. कळंबच्या किंवा कुठल्याही गावच्या सरपंचाला पुढच्याच सभेपासून हे बदलता येतं. विषय मांडणाऱ्या बाईचं पूर्ण नाव सूचक म्हणून लिहायला सांगायचं, ठराव वाचून दाखवताना ते नाव मोठ्यानं वाचायचं, आणि काम झालं नाही तर उत्तर द्यायला मात्र स्वतः उभं राहायचं.